सरासरीचा पाऊस कुठं पडतो?

हिशेबी : कोकणाचं हवामान मला एका कागदावर मांडता येतं. खाली बारा महिने, प्रत्येक महिन्यावर पावसाचा एक खांब आणि वरून तापमानाची रेघ. खांब बघा. जानेवारी ते मे जवळपास काही नाही, जूनमध्ये एकदम उसळी, जुलैत कळस, ऑक्टोबरात शेपूट. वर्षाच्या पावसातला नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. रत्नागिरीला तो तीन हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. आता रेघ बघा. ती जवळजवळ आडवी. किनाऱ्यावर सर्वांत गार आणि सर्वांत गरम महिन्यांच्या सरासरीत सहा-सात अंशांचा फरक. नागपूरला तोच पंधराच्या घरात. आणि या आडव्या रेघेलाही दोन उंचवटे आहेत, एक मे महिन्यात, दुसरा ऑक्टोबरात. मधली खाच पावसानं पाडलेली. जुलैअखेरीला सूर्य इथं माथ्यावर असतो, पण ढग त्याला पोहोचू देत नाहीत, म्हणून जुलैत दुपारी तीस आणि पहाटे पंचवीस अंश. ऑक्टोबरात ढग हटले की तोच सूर्य ओल्या जमिनीवर पडतो आणि सगळे घामाघूम. कधी कोकणात न आलेल्या माणसाला एवढ्या कागदावरून प्रदेश कळतो. तुम्हाला यात खुपतं काय?

संशयी : खुपतं हे, की या कागदावर कुणी राहत नाही. तुमच्याच पद्धतीनं जाऊ. मुंबईचा वर्षाचा पाऊस बावीसशे मिलिमीटरच्या आसपास, वर्षाचं सरासरी तापमान सत्तावीस-अठ्ठावीस. सिंगापूरचा पाऊस एकवीसशेच्या आसपास, तापमान तेच सत्तावीस-अठ्ठावीस. दोन आकड्यांत दोन्ही शहरं सख्खी भावंडं. पण सिंगापुरात बाराही महिने पाऊस येतो-जातो, तिथं कुणी आगोट भरत नाही, कौलं शाकारत नाही, मे महिन्यात आभाळाकडे डोळे लावून बसत नाही. तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर महिन्यांचे खांब काढले. बरोबर. म्हणजे वर्षाची सरासरी निरुपयोगी आहे हे तुम्ही मान्य केलंत आणि एक पायरी खाली उतरलात. मी म्हणतो, आणखी उतरा. महिन्याची सरासरी तितकीच पोकळ आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला, त्याच शहरात, त्याच चोवीस तासांत, ७४. दोघांची सरासरी काढा, ५०९. तो ५०९ मिलिमीटर पाऊस मुंबईत नेमका कुठल्या गल्लीत पडला, ते मला दाखवा.

हिशेबी : कुठल्याच नाही. कुणी तसं म्हणतही नाही. सरासरी म्हणजे भाकीत नव्हे, ती मोजपट्टीचं शून्य आहे. ९४४ भयंकर आहे हे तुम्हाला कळलं ते कशामुळं? सांताक्रूझचा अख्ख्या जुलैचा पाऊस आठशे-नऊशेच्या घरात असतो हे आधी ठाऊक होतं, म्हणून. एका दिवसात एक महिना पडला, हे वाक्य सरासरीशिवाय बोलताच येत नाही. तुम्ही ज्या आकड्याला पोकळ म्हणताय, त्याच्याच खांद्यावर उभं राहून म्हणताय.

आणि मोजणी म्हणजे काही हवेतली गोष्ट नाही. पर्जन्यमापक पाहिलाय कधी जवळून? जमिनीत रोवलेलं एक नळकांडं, वर धारदार कडेचं नरसाळं, आत बाटली. सकाळी साडेआठला माणूस जातो, झाकण काढतो, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओततो, माप डोळ्यांच्या पातळीला धरतो आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचतो. जोराचा पाऊस असेल तर बाटली भरून नळकांड्यात सांडलेलं पाणीही काढून मोजायचं. २६ तारखेचा म्हणून जो आकडा तुम्ही सांगितलात तो २६ च्या साडेआठपासून २७ च्या साडेआठपर्यंतचा. अडीच मिलिमीटर भरला तर त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणायचं, त्याखाली नाही. साडेचौसष्टच्या पुढं जोरदार, ११५.६ च्या पुढं अति जोरदार, २०४.५ च्या पुढं अत्यंत जोरदार. हे नियम रुक्ष आहेत, पण रुक्ष आहेत म्हणूनच माझा जुलै आणि माझ्या आजोबांचा जुलै यांची तुलना होऊ शकते. आठवणींची होत नाही. प्रत्येकाच्या लहानपणी पाऊस जास्तच असतो.

संशयी : लहानपणाचं सोडा, तो टोला मला लागला. पण तुमचं नरसाळं ताटलीएवढं, आणि त्यातल्या पाण्यावरून तुम्ही अख्ख्या महसूल मंडळाचा पाऊस ठरवता. सह्याद्रीत हे चालतं का? महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणी, तिथं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. आणखी पुढं दहिवडीला गेलात तर पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात! सातारा जिल्ह्याची सरासरी म्हणजे काय चीज आहे मग? जिल्हा सोडा, आमच्या खोऱ्यात या डोंगराला सर येते आणि पलीकडच्या वाडीत रस्ता कोरडा असतो.

आणि हे नुसतं गप्पांचं नाही हो, यावर पैसे मिळतात आणि बुडतात. आंब्याला हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. नुकसान किती झालं ते बागेत येऊन कुणी बघत नाही. मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा बघतात. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या मिलिमीटरच्या वर अवकाळी पाऊस झाला तर भरपाई, तापमान ठरल्या अंशाच्या वर ठरावीक दिवस राहिलं तर भरपाई. केंद्र कुठं? सोयीच्या जागी, खाली, खाडीच्या वाऱ्यात. बाग कुठं? वर कातळावर, जिथं दुपारी दगड हाताला भाजतो. माझ्या कलमांखाली सुपारीएवढ्या फळांचा सडा पडलाय आणि कागद म्हणतोय, तापमान मर्यादेत. ज्याच्या कैऱ्या गळल्या त्याला तुमची मोजपट्टी सांगते की तुझ्या कैऱ्या गळलेल्याच नाहीत.

हिशेबी : तुमची तक्रार खरी आहे, पण ती आकड्याविरुद्ध नाही. ती जागेविरुद्ध आहे. कातळावर दुसरं केंद्र बसवा, ही मागणी आकड्यांवर विश्वास असलेला माणूसच करतो. ज्याला आकडा नको, त्यानं भरपाई मागायची कशाच्या जोरावर? गावच्या चार म्हाताऱ्यांच्या साक्षीवर? ती पद्धतही या देशानं भोगलीय. नजर आणेवारीत कुणाचं पीक सोळा आणे ठरायचं आणि कुणाचं सहा, ते पिकापेक्षा नजरेवर अवलंबून असायचं.

तरी तुम्ही एक गोष्ट एकत्र कालवताय, ती मला सुटी करू द्या. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर येतो, हे तुम्ही पुढच्या वाक्यात सांगणार होता. सगळेच सांगतात, आणि वर म्हणतात की बघा, पावसाचे आकडे किती खोटे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर कौलावर तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटर. पागोळ्यांतून एवढं पाणी तुमच्या अंगणात उतरतं. ते राहत नाही, कारण खाली जांभा आहे, सच्छिद्र, पाणी पितो आणि उतारावरून सोडून देतो. कारण सह्याद्री ते समुद्र हे अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर आणि नद्या धावतच येतात. पाऊस खोटा नाही, त्याची बेरीजही खोटी नाही. बेरजेला साठा समजणारा माणूस चुकतो.

संशयी : बेरजेला साठा समजायला शिकवलं कुणी? शाळेच्या भूगोलात कोकण म्हणजे भरपूर पावसाचा प्रदेश, एवढं एकच वाक्य. तो भरपूर शब्द सरासरीतून आला. त्याच्या आधारावर कित्येक वर्षं कोकणात पाण्याच्या योजनांची निकड कुणाला वाटली नाही. पण असू दे. पावसाच्या बाबतीत मी थोडा मागं सरकतो. पाऊस इतका उड्या मारतो की त्याची सरासरी फसवी आहे हे निदान सगळ्यांना दिसतं. तापमानाचं उलट आहे, आणि मला ते जास्त घातक वाटतं. तुमची ती आडवी रेघ. ती इतकी शांत आहे की तिच्याकडे पाहून वाटतं, इथं उन्हाचा प्रश्नच नाही.

मी सांगतो त्या शांत रेघेत काय दडलंय. मार्चमध्ये एखाद्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरतो आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा अडून राहतो. रोज अकरा-बाराच्या सुमारास येणारी झुळूक तीनपर्यंत येतच नाही. २८ मार्च २०१७ ला रायगडात भिऱ्याला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, ४६.५ अंश नोंदले गेले. महिन्याच्या सरासरीत असे दोन-तीन दिवस विरघळून जातात, बागेत विरघळत नाहीत. हापूसला मोहोर येतो तो रात्रीच्या गारव्यानं. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटली पाहिजे. महिन्याचं सरासरी तापमान नेहमीएवढंच, पण दिवस थोडे गार आणि रात्री थोड्या गरम, असं झालं तर कागदावर काहीच घडलेलं नसतं आणि झाड मोहोराऐवजी पालवी काढून बसतं. मग मळभ येतं, मोहोरावर तुडतुडे पडतात, भुरी येते, फवारणीचा खर्च चढतो. यातली एकही गोष्ट तुमच्या रेघेला ठाऊक नाही.

आणि माणसांचं काय? किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा सदतीसच्या पुढं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढा असावा लागतो. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उघड्या मैदानावर, भर उन्हात तासन्‌तास बसलेली माणसं उष्माघातानं दगावली. पारा अडतीसच्या आसपास होता. विदर्भातला माणूस अडतीसला ऊन म्हणत नाही.

हिशेबी : विदर्भातल्या माणसाचा घाम वाळतो, इथल्याचा वाळत नाही, फरक तेवढाच आहे. आणि तो मोजता येतो. वेधशाळेत झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, साधारण छातीच्या उंचीला. आत चार तापमापक. त्यातल्या एकाच्या गोळ्याला मलमलीचा तुकडा गुंडाळलेला, त्याची वात पाण्याच्या डबीत सोडलेली. हा ओला तापमापक. मलमलीतलं पाणी वाळतं तसा तो गार होतो, अगदी आपल्या कातडीसारखा. आता हिशेब करा. अकोल्याला समजा ४२ अंश आणि हवेत वीस टक्के दमटपणा असेल, तर ओला काटा चोवीसच्या आसपास थांबेल. रत्नागिरीला ३३ अंश आणि सत्तर टक्के असेल, तर अठ्ठावीस. पारा नऊ अंश खाली आणि ओला काटा चार अंश वर! स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडलं की ओला काटा पस्तीसवर काही तास टिकला, तर सावलीत, पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही आतून तापत जाईल. नंतर माणसांवर प्रयोग झाले आणि मर्यादा त्याहूनही खाली असल्याचं दिसलं. म्हणजे तुम्ही म्हणता तसं, साध्या पाऱ्याच्या सरासरीनं कोकणाचा उन्हाळा लपवला. मान्य. पण तो उघडा पाडला कुणी? दुसऱ्या काट्यानं. तुम्ही कमी मोजा असं म्हणतच नाही आहात. तुम्ही सारखं म्हणताय, आणखी मोजा, वेगळं मोजा.

(इथं हिशेबी जिंकल्यासारखा दिसतो. मला तसं वाटत नाही. ओला तापमापक वेधशाळांत शंभराहून जास्त वर्षं लटकतोय. त्याचा काटा रोज वाचला जात होता. वाचला जाणं आणि विचारात घेतलं जाणं यांत जे अंतर असतं, ते आणखी एक उपकरण बसवून भरत नाही.)

संशयी : माझं म्हणणं मी नीट मांडलं नसेल, पुन्हा सांगतो. आकडा कशासाठी काढला, हे त्याच्या पोटात लिहिलेलं नसतं. आपल्याकडची नक्षत्रं बघा. रोहिणीत धूळपेरणी, मृगात तरवा, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी. तिथं पाऊस किती, हे कुणी सांगतच नाही. काय करायचं, ते सांगतात. हस्ताचा पाऊस गडगडत येतो आणि कापणीला आलेलं भात आडवं करतो, म्हणून हात जपून ठेवायचा. ते ज्ञान कामाला जोडलेलं आहे.

हिशेबी : आणि ते ज्ञान म्हणजे सरासरीच आहे! मृग सात-आठ जूनला लागतो आणि पाऊस त्याच सुमारास कोकणात येतो, हे कुणी स्वप्नात पाहिलं नाही. कित्येक पिढ्यांनी बघितलं, लक्षात ठेवलं, मधोमध एक खूण केली. तुमच्या पंचांगात आणि माझ्या तक्त्यात फरक इतकाच, की माझ्या तक्त्यात खूण किती वेळा चुकली तेही लिहिलेलं असतं. २०२३ मध्ये बिपरजॉय वादळानं सगळी घडी विस्कटली, पाऊस मुंबईला २५ जूनला पोहोचला आणि त्याच दिवशी दिल्लीलाही. २०२५ मध्ये २६ मे रोजीच आला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सर्वांत लवकर. दोन वर्षांत महिन्याचं अंतर. मृगानं दोन्ही वेळा सात-आठ जूनच सांगितला. शिवाय नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आहेत आणि पाऊस ऋतूला. सत्तरेक वर्षांत एक दिवस, या गतीनं मृग पुढं सरकतोच आहे.

संशयी : सरकू दे, तुमचं शून्य तरी कुठं स्थिर आहे? देशाच्या मोसमी पावसाची सरासरी एके काळी ८९ सेंटिमीटर होती, १९५१ ते २००० या वर्षांची. मग १९६१ ते २०१० घेतली, ८८. आता १९७१ ते २०२० घेतात, ८७. दर दहा वर्षांनी जुनी वर्षं मागून पडतात, नवी पुढून येतात. मुंबईत पाऊस पोहोचण्याची नेहमीची तारीख १० जून होती, २०२० पासून ती ११ झाली. जे कालपर्यंत कमी होतं ते आज नेहमीचं. ९६ ते १०४ टक्क्यांमध्ये बसलं की बातमी येते, यंदा सामान्य पाऊस. शेतकरी जूनमध्ये दुबार पेरणी करून आणि सप्टेंबरात पीक कुजवून बसलेला असतो, पण दोन्हींची बेरीज शंभर टक्के. खरं सांगू? ती बातमी वाचून संताप येतो.

हिशेबी : यायलाच हवा. पण नुसत्या संतापानं पुढचं दिसत नाही. हवा एक अंशानं तापली की तिच्यात बाष्प साधारण सात टक्क्यांनी जास्त मावतं. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच पट्ट्यात हंगामाचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. बेरीज खाली आणि तडाखे तिप्पट. तुम्ही जे म्हणताय तेच, पण ते सिद्ध झालं रोजच्या साडेआठच्या नोंदींमुळं. पासष्ट वर्षांची, शेकडो ठिकाणची, कुणीतरी भिजत जाऊन वाचलेली मापं.

संशयी : सिद्ध झालं, पुढं काय? मुंबईची पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली, त्यातलंही निम्मं जमिनीत मुरेल असं गृहीत धरून. ही गटारं सुधारायच्या ब्रिमस्टोवॅड योजनेचा अहवाल १९९३ चा, त्यात ताशी ५० धरा असं सांगितलं होतं. २००५ येईपर्यंत किती झालं होतं? आणि ५० तरी आता पुरे आहे का? शहर सोडा, गावच्या वहाळावरची मोरी घ्या. दरवर्षी पूर येतो, मोरीचा नळा चोंदतो, रस्ता वाहून जातो. नवा नळा घालायचाय. व्यास किती ठेवू? मला मोसमी पावसाची सरासरी नको, हे सांगा.

हिशेबी : तुमच्या खोऱ्यातला तासाभराचा सर्वांत मोठा पाऊस, पन्नास वर्षांत एकदा येणारा, त्यावरून काढू. पन्नास वर्षांत एकदा याचा अर्थ पन्नास वर्षं निर्धास्त असा नाही, हे आधीच सांगतो. दरवर्षी दोन टक्के शक्यता. मोरी तीस वर्षं टिकायची असेल तर त्या तीस वर्षांत तो पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता पंचेचाळीस टक्के. जवळजवळ छापा-काटा.

संशयी : आणि ते पन्नास वर्षांतून एकदाचं माप तुम्ही मागच्या नोंदींतून काढणार. ज्या समुद्रानं त्या नोंदी दिल्या तो समुद्र आता राहिला नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत.

हिशेबी : म्हणून नळा मोठा घाला. दीडपट.

संशयी : दीडपट नळ्याला तीन मोऱ्यांचे पैसे एकीत जातात. बाकीच्या दोन वाड्यांना मग लाकडी साकवच. त्यावरून पोरं शाळेला जातात.

हिशेबी : तिन्ही वाड्यांत पर्जन्यमापक बसवा, पाच पावसाळे मोजा. मग कुठल्या वहाळाला किती ताण येतो ते सांगतो.

संशयी : पाच पावसाळे. आणि या जूनला?

हिशेबी : या जूनला खालच्या वाडीला मोठा नळा. कारण विचारलंत तर मंडळाच्या केंद्राचा आकडा दाखवीन, आणि ते केंद्र खाडीच्या वाऱ्यात आहे हे मला तुम्हीच सांगितलंय.

संशयी : मी असतो तर वरच्या वाडीला घातला असता. तिथं गेल्या खेपेला साकव गेला.

हिशेबी : गेल्या खेपेला. म्हणजे एका वर्षावरून.